उंबराची फुंकरीण

एका राज्यात एक असे पद होते, की जे पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. सेनापती सगळ्यांकडे असतो. प्रधान तर पैशाला पासरी. पण फुंकरीण फक्त याच राज्यात होती.

फुंकरिणीचे काम काय, ते ऐका. त्या राज्यात नदीच्या दोन्ही काठांना उंबरांची रांग होती, आणि राजाच्या ताटात रोज पिकले उंबर वाढायची रीत होती. आता उंबर म्हटले की आत किडे आलेच. वरून फळ कसे शेंदरी, गोड, टचटचीत. फोडले की आतून इवलेइवले पंखवाले किडे भुर्रकन बाहेर. म्हणून फुंकरिणीने वाड्याच्या सज्जात उभे राहायचे, नदीकडे तोंड करून उंबर फोडायचे आणि हलकी फुंकर घालायची. किडे उडून गेले की मग ते फळ राजापुढे जायचे. फुंकर घालताना म्हणायचे बोलही ठरलेले होते:

जा गं लेकी, उडत जा,
पल्याड झाडी नांदत जा;
इथली धूळ पदरी बांध,
तिथलं घर भरत जा.

हे का म्हणायचे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. आजी म्हणायची म्हणून आई म्हणायची, आई म्हणायची म्हणून चिमाक्का म्हणायची. चिमाक्का ही आपल्या गोष्टीतली फुंकरीण. वय पन्नाशीपुढचे, अंगाने ठेंगणी, जिभेने तिखट, आणि फुंकर अशी की समईची ज्योत हलेल पण विझणार नाही.

राजाचे नाव धीरसेन. नावात धीर होता, तो बहुतेक नावातच संपला असावा. तसा माणूस भला. रणांगणात उभा राहील, वाघाला सामोरा जाईल. पण लोक काय म्हणतील या एका विचाराने त्याचे पाय लटपटत. आणि लोकांमध्ये सगळ्यांत वरचे लोक कोण? व्याही!

राजाची एकुलती एक कन्या कुंदलता. तिची सोयरीक नदीपलीकडच्या राज्याच्या युवराजाशी ठरली, आणि माघ महिन्यात साखरपुड्याला व्याही आले. राजा शूरकेतू त्यांचे नाव. दारातून वाकून आत येणारा पुरुष, मिशा अशा भरघोस की दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठेवून खुशाल फिरून यावे.

पंगत बसली. त्या दिवशी वाड्यात इतकी धांदल, की उंबरांचे तबक चिमाक्काकडे न जाता थेट मुदपाकखान्यातून पंगतीत गेले. व्याह्यांनी उंबर उचलले, फोडले. आतून एक किडा निघाला, त्याने पंख झटकले आणि तो सरळ व्याह्यांच्या मिशीच्या उजव्या टोकावर जाऊन बसला.

पंगत थिजली. व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला. नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आले. एक शब्द न बोलता ते तोंडावर उपरणे धरून उठले, रथात बसले आणि नदीच्या दिशेने निघून गेले.

"संपलं," राजा मटकन खाली बसत म्हणाला. "आता आमचं तोंड पाहण्यासारखं राहिलं नाही."

सोयरीक मोडल्याचा निरोप काही आला नाही. उलट, वैशाखात लग्नाला येतो, असाच निरोप आला. पण भित्र्याला निरोपातही खोच दिसते. राजाने ठरवले, लग्नाच्या पंगतीत उंबर असेल, पण किडा असता कामा नये.

त्याने शुचिव्रत नावाच्या मांत्रिकाला बोलावले. हा मांत्रिक दिवसातून सात वेळा स्नान करी, आणि आठव्या वेळी घंगाळाला स्नान घाली. वाड्याच्या उत्तर बुरुजावर तो राहत असे. तिथल्या फरशीवर केस पडला तरी त्याला रात्रभर झोप लागत नसे.

"उंबरातली कीड नाहीशी करता येईल?" राजाने विचारले.

"येईल."

"झाडाला इजा?"

"झाडाला बोटही लावणार नाही. फक्त कीड. तिचा कोणाला काय उपयोग?"

राजाने विचार करून पाहिला. एकही उपयोग आठवला नाही. आपल्याला आठवत नाही म्हणजे तो नाहीच, असे तो धरून चालला. शहाणी माणसेही असे करतात. हा तर राजा होता.

शुचिव्रताने मंत्र म्हटला. राज्यातल्या प्रत्येक उंबरातला प्रत्येक किडा खसखशीएवढा सोन्याचा कण झाला, आणि ते सारे कण उडत येऊन एका चांदीच्या डबीत बसले. मांत्रिकाने डबीला काळ्या रेशमाचे तीन वेढे घातले. डबी खजिन्यात गेली, आणि चिमाक्का शाल-नारळ घेऊन घरी गेली.

घरी बसली खरी, पण फुंकर काही घरी बसेना. ती वरणावर फुंकर घाली, भाकरीवर घाली, ताकावरही घाली. शेजारीण म्हणाली, "आक्का, ताक गारच असतं हो!" त्यावर चिमाक्का म्हणाली, "तुझं तू पी." पण आत कुठेतरी तिला फार वाईट वाटले. तीन पिढ्यांचे काम एका मंत्रात गेले होते.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. वैशाखात एके सकाळी तिच्या अंगणातल्या भिंतीवर एक धनेश पक्षी येऊन बसला. राखी रंगाचा, लांब शेपटीचा, कुऱ्हाडीच्या पात्याएवढी चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. बसताना तो जरा झोकांडलाच.

"आक्का," धनेश म्हणाला, "उंबरं कुठं गेली?"

"मला काय विचारतोस? झाडाला विचार."

"विचारलं. झाड हिरवी फळं धरतं आणि पिकायच्या आत टाकून देतं. म्हणतं, घरी पाहुणी आली नाही, मी कोणासाठी पिकू?"

चिमाक्काच्या हातातला झाडू थांबला. धनेश पुढे म्हणाला, "आमच्यात एक रीत आहे, आक्का. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलानं दार लिंपून घेते. चोच निघेल एवढीच फट ठेवते. आत तिचे पंख झडून जातात. नवे फुटेपर्यंत तिला बाहेर येता येत नाही. मी बाहेरून उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. माझ्या बापानं तसं केलं, त्याच्या बापानं तसं केलं. उन्हाळ्यात दुसरं काही पिको न पिको, उंबर पिकतंच. आता दोन पिल्लं झाली आहेत. काल दिवसभर हिंडून मला एक सरडा आणि दोन नाकतोडे मिळाले. तिनं ते पिल्लांना दिले. मला म्हणाली, मला भूक नाही."

"आणि तू?"

"मीही तिला तेच सांगितलं."

चिमाक्काने पदराने डोळे पुसले. "किती दिवस निघतील?"

"सात. आठवा निघायचा नाही."

आठव्या दिवशी तर कुंदलतेचे लग्न होते. चिमाक्काने झाडू भिंतीला टेकला, पायांत वहाणा सरकवल्या आणि ती तडक राजवाड्यावर गेली. धनेश तिच्या मागोमाग उडत गेला.

वाड्यात वेगळाच गोंधळ चालला होता. खजिन्यातली ती चांदीची डबी रोज जड होत होती. पहिल्या दिवशी ती एका बोटाने उचलत. महिन्याने दोन पहारेकरी लागले. आता सात जणांनाही ती हलत नव्हती आणि तिच्याखालची फरशी तडकली होती. राजा, राजकन्या आणि शुचिव्रत तिच्याभोवती उभे होते.

"एवढ्याशा किड्यांचं एवढं वजन?" राजा विचारत होता.

"वजन किड्यांचं नाही, महाराज," शुचिव्रत म्हणाला. मांत्रिक टापटिपीचा वेडा होता, पण खोटे बोलणारा नव्हता. "या किड्यांवाचून राज्यात जे जे उपाशी आहेत, त्यांच्या भुकेचं आहे. एवढे असतील, असं मला वाटलं नव्हतं."

तेव्हा चिमाक्काने धनेशाची हकीगत सांगितली, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. कुंदलता पुढे येऊन धनेशाजवळ बसली आणि तिने त्याला ओंजळीतून पाणी पाजले.

"मंत्र उलटवा," ती म्हणाली.

"उलटवता येत नाही. वेढे सोडवावे लागतात," शुचिव्रत म्हणाला. "आणि मंत्र कोणी सोडवू नये म्हणून प्रत्येक वेढ्याला अशक्य अट घालावी, असा आमच्या शास्त्राचा नियम आहे. पहिल्या वेढ्याला उंबराचं फूल लागेल. ते आजवर कोणी पाहिलेलं नाही. दुसऱ्याला साक्षीदार लागेल, ज्यानं जन्मात उंबर चाखलं नाही, पण उंबरावाचून जो उपाशी आहे. आणि तिसऱ्याला..." तो जरा अडखळला. "ज्यांनी कीड नाहीशी करायला सांगितलं त्यांनी, ज्यांच्यासमोर लाज वाटली त्यांच्यासमोर, किडे असलेलं उंबर फोडून खावं."

राजाच्या कपाळावर घाम आला. "व्याह्यांदेखत?"

"मला त्यातल्या त्यात हीच सगळ्यांत अशक्य वाटली, महाराज."

राजाने घाम पुसला. पहिल्या दोन अटी होणारच नाहीत, मग तिसरीची काळजी कशाला, असा त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो उदारपणे म्हणाला, "चिमाक्का, पहिल्या दोन तुम्ही करा. तिसरी आमच्याकडे लागली."

चिमाक्का उंबराच्या फुलाच्या शोधात निघाली. राज्यातले पाच पंडित आधीच नदीकाठच्या सर्वांत म्हाताऱ्या उंबराखाली सतरंजी अंथरून बसले होते. उंबराचे फूल क्षणभर उमलते आणि भाग्यवंतालाच दिसते, असे त्यांच्या पोथीत होते. ते पाळीपाळीने डोळे मिटत आणि पाळीपाळीने भाग्यवान होण्याची वाट पाहत. चिमाक्काही बसली. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. फूल नाही. मधूनमधून एखादे हिरवे, कच्चे उंबर टपकन खाली पडे आणि पंडित ते बाजूला भिरकावून देत.

तिसऱ्या दिवशी दुपारी धनेश आला. "आक्का, माझ्या घरी चला. ती तुम्हांला बघायचं म्हणते."

चिमाक्का गेली. मोठ्या बेहड्याच्या खोडावर, दोन पुरुष उंचीवर, ती ढोली होती. चिमाक्का खालून बघत राहिली. तिला काही दिसेना. खोडाला एक वाळकी गाठ आली असावी, एवढेच दिसत होते. मग त्या गाठीतल्या बारीक फटीतून चोचीचे टोक बाहेर आले.

"आक्का," आतून क्षीण आवाज आला, "फूल मिळालं का?"

"नाही गं बाई. सगळे म्हणतात, उंबराला फूलच नसतं."

"माझ्या झाडाखालून जाणारेही म्हणतात, इथं कोणी नाही. आम्ही तिघं आहोत."

चिमाक्का काही बोलणार, तोच तिचे तोंड उघडेच राहिले. दार लिंपून बसलेली... ती जी उठली ती धावतच सुटली. म्हाताऱ्या उंबराखाली येऊन तिने पंडितांनी भिरकावलेले एक कच्चे उंबर उचलले. आयुष्यभर तिने उंबरे फोडली होती, पण ती पिकलेली. कच्चे उंबर कोण कशाला फोडील? तिने नख लावले आणि फळ उकलले. आत भिंतीला चिकटून, दाटीवाटीने, शेकडो बारीक फुले उभी होती. दार लावून आतल्या आत फुललेले ते फुलांचे एक गावच होते.

"अगं बाई! तू इथं होय!" चिमाक्का खदखदून हसली. पंडितांनी ताबडतोब पोथीत दुरुस्ती केली आणि ती आपणच केल्याचे खाली लिहिले.

उत्तर बुरुजावर शुचिव्रताने ते फळ पांढऱ्या रुमालावर ठेवायला लावले आणि वाकून पाहिले. बराच वेळ तो वाकलेलाच होता. खजिन्यात डबीचा पहिला वेढा आपोआप गळून पडला.

"चाळीस वर्षं मी शास्त्र शिकलो," तो म्हणाला.

"फळ फोडून बघायचं शास्त्रात नव्हतं वाटतं?"

"हात चिकट होतात," मांत्रिक हळूच म्हणाला.

आता दुसरी अट. चार दिवस गेले होते, हाती तीन उरले होते. चिमाक्का नदीकाठाने निघाली. वानरांना विचारले, ते म्हणाले, आम्ही तर उंबरावरच वाढलो. वटवाघळे म्हणाली, आमची नावे घ्या. हरिणे म्हणाली, खाली पडलेली आम्हीच वेचायचो. कावळा म्हणाला, मी काय खाल्ले नाही ते विचारा. सगळ्यांची पोटे खपाटीला गेली होती, पण सगळ्यांनी उंबर चाखले होते. सगळे साक्षीदार खरे आणि एकही कामाचा नाही!

सहाव्या दिवशी तिला डोहाकाठी एका खडकावर एक पाणमांजर पसरलेले दिसले. एरवी हा प्राणी क्षणभर एका जागी राहत नाही; पाण्यात कोलांट्या मारील, शेपटीने पाणी उडवील, मासा वर फेकून झेलील. हे मात्र ओल्या फडक्यासारखे पडून होते. बरगड्या मोजून घ्याव्यात.

"उंबर खातेस का गं?" चिमाक्काने विचारले.

"फळ? आम्ही?" पाणमांजरीने नाक मुरडले. "शी! आमच्या सात पिढ्यांत कोणी फळाला तोंड लावलेलं नाही."

"मग अशी वाळलीस का?"

"मासे नाहीत."

"मासे का नाहीत?"

पाणमांजरीने डोहावर वाकलेल्या म्हाताऱ्या उंबराकडे पाहिले. "त्याची पिकली फळं पाण्यात पडायची, ती खायला मासे यायचे. पाण्यात नुसती टपटप टपटप, आणि खाली मासेच मासे! आता पडतात ती कच्ची, कडू. दोन महिने वाट बघून मासे खालच्या अंगाला उतरून गेले."

चिमाक्काने तिला उचलून कडेवरच घेतले. "चल माझ्या राणी. तुला दरबारात बोलायचंय."

दरबार भरला. पाणमांजर ओल्या, चिखलाने भरलेल्या पायांनी स्वच्छ फरशीवरून चालत सिंहासनापर्यंत गेली. प्रत्येक पावलाबरोबर शुचिव्रताने डोळे मिटले, पण तो जागचा हलला नाही.

"मी उंबर खाल्लेलं नाही, खाणार नाही," पाणमांजर ताठ उभी राहून म्हणाली. "त्यातला किडा मी पाहिलेलाही नाही. पण किडा गेला म्हणून उंबर गेलं, उंबर गेलं म्हणून मासा गेला, मासा गेला म्हणून मी चालले. एवढंच सांगायचंय. आणि काही खायला असेल तर द्या, पण फळ नको."

दुसरा वेढा गळाला. भुकेची दाद लागली तशी डबी इतकी हलकी झाली की एका दासीने ती सहज उचलून आणली. झाकणाच्या फटीतून एक सोन्याचा कण बाहेर पडला, त्याला पंख फुटले, आणि तो किडा खिडकीतून नदीकडे उडाला. म्हाताऱ्या उंबरावर शेवटचे एक हिरवे फळ उरले होते. किडा त्यात शिरला. आठव्या दिवशी सकाळी ते फळ पिकून शेंदरी झाले होते. सगळ्या राज्यात एकच पिकले उंबर. चिमाक्काने ते झाडावरून उतरवले आणि तबकात ठेवून राजवाड्यात आणले.

वाजंत्री वाजू लागली. व्याही आले. मांडवात पाट मांडले गेले, राजा शूरकेतू मिशांना तूप लावून पाटावर बसले. सज्जाच्या कठड्यावर धनेश येऊन बसला. त्याला आता बोलवत नव्हते. तो नुसता तबकाकडे बघत होता.

आणि राजा धीरसेन खांबाआड उभा राहून घाम पुसत होता.

"उद्या खातो," तो कुजबुजला. "लग्न लागू दे. एकदा वरात गेली की मी दहा उंबरं खाईन. आत्ता खाल्लं आणि लग्न मोडलं तर? तुझं काय होईल, बाळ?"

कुंदलता मुंडावळ्या बांधून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तिकडे ढोलीत एक आई आठ दिवस भूक नाही, भूक नाही म्हणतेय. उद्या ती तेवढंही म्हणणार नाही. किडा बघून मोडणारं लग्न असेल, तर मोडू दे. मला त्या घरी जायचं नाही."

राजाने मुलीकडे पाहिले, कठड्यावरच्या पक्ष्याकडे पाहिले. मग त्याच्या नावातला धीर कुठून कोण जाणे, अंगात आला. त्याने तबक उचलले, सरळ मांडवात चालत गेला आणि व्याह्यांच्या पुढ्यात उभा राहिला.

"व्याहीबुवा," तो मोठ्याने म्हणाला, "आमच्या उंबरात किडे असतात. पूर्वीही होते, पुढंही असतील. ते आहेत म्हणून आमचं राज्य आहे."

त्याने उंबर फोडले. किडे बाहेर आले. चिमाक्काने मागून बोल सांगितले आणि राजाने ते म्हटले: जा गं लेकी, उडत जा. पण राजाला फुंकर कुठली यायला! त्याने चूल पेटवावी तशी फुंकली. बाकीचे किडे नदीकडे गेले, आणि एक उडून थेट व्याह्यांच्या मिशीवर बसला. उजव्याच टोकावर.

राजाने डोळे घट्ट मिटले, अर्धे उंबर तोंडात टाकले आणि चावले. "गोड आहे," तो डोळे मिटूनच म्हणाला. तिसरा वेढा गळून पडला. दासीच्या हातातल्या डबीचे झाकण टणकन उघडले.

व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला. नाकपुड्या फुगल्या. डोळ्यांत पाणी आले.

"रागावू नका," राजा म्हणाला.

"रा... रागावतो कशाला!" व्याही नाक चिमटीत धरून म्हणाले. "किडा बसला की मिशी हुळहुळते! शिंक येते हो! साखरपुड्याला मुलाच्या बापानं शिंकायचं म्हणजे केवढा अपशकुन! म्हणून ती शिंक दाबून नेली आणि नदीपार जाऊन शिंकलो. घोडे उधळले, ते दोन दिवसांनी सापडले. मला वाटलं, तुम्ही काय म्हणाल! आता पुन्हा... ऐन मुहूर्तावर... आ..."

म्हणजे चार महिने दोन राजे एकमेकांना भीत होते, आणि मधल्यामध्ये उपाशी राहिले सगळे रान.

"शिंका!" राजा धीरसेन आनंदाने ओरडला. "व्याहीबुवा, माझी शपथ आहे, शिंका!"

व्याही शिंकले. मांडवाची झालर उडाली, पंडितांची पागोटी उडाली, आणि डबीतले सारे सोन्याचे कण खसखशीसारखे उधळून आभाळात गेले. वर जाताजाता प्रत्येकाला पंख फुटले. सोनेरी ढगासारखा तो थवा मांडवावरून एक वळसा घेऊन नदीकडे गेला आणि एका झाडाच्या फुलांची धूळ दुसऱ्या झाडाच्या फुलांना नेऊन देत उंबराउंबरांत शिरला.

राजाच्या हातात उरलेले अर्धे उंबर होते. ते त्याने धनेशापुढे धरले. धनेशाने ते चोचीत घेतले आणि स्वतः कणभरही न खाता तो उडाला.

दुपार कलायच्या आत राज्यातली सगळी उंबरे पिकली. धनेशाने त्या दिवशी साठ खेपा केल्या. एकसष्टाव्या खेपेला फटीतून आवाज आला, "आता हे तू खा. आम्ही जेवलो."

लग्न थाटात लागले. वरात मात्र लगेच निघाली नाही, कारण व्याही म्हणाले, आता उंबरे पोटभर खाऊनच जाईन. ते महिनाभर राहिले आणि रोज सकाळी सज्जात उभे राहून शिंकत. पुन्हा कामावर आलेल्या चिमाक्काला ते म्हणत, "आक्का, माझ्यासाठी फुंकर नको. माझं मी बघतो." डोहात मासे परतले. पाणमांजर इतकी गुबगुबीत झाली की तिला कोलांटी जमेना. एक दिवस उत्तर बुरुजाच्या स्वच्छ भिंतीतल्या एका फटीत कोण्या पाखराची शीट पडली, आणि थोड्याच दिवसांत त्या फटीतून उंबराचे दोन पानांचे रोप वर आले. शुचिव्रताने झाडू उचलला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग खाली ठेवला. तेव्हापासून सातव्या स्नानाचे पाणी तो त्या रोपाला घालतो.

कुंदलतेच्या पाठवणीच्या दिवशी बेहड्यावरची चिखलाची भिंत फुटली. नव्या पंखांची धनेशीण बाहेर आली, तिच्यामागे दोन पिल्ले धडपडत आली, आणि चौघे मिळून वरातीवरून उडत गेले. सगळे लोक माना वर करून बघत होते.

राजा धीरसेन मात्र मुलीकडे बघत होता. त्याने निरोपाचे मोठे भाषण पाठ केले होते. त्यातला एक शब्दही त्याला आठवेना.

"महाराज," चिमाक्का शेजारून हळूच म्हणाली, "बोल येतात की तुम्हांला."

राजाने मुलीच्या कपाळावरच्या बटांवर फुंकर घातली. या वेळी ती अगदी हलकी आली. मग तो म्हणाला:

जा गं लेकी, उडत जा,
पल्याड झाडी नांदत जा;
इथली धूळ पदरी बांध,
तिथलं घर भरत जा.

कुंदलता वाकली. तिने अंगणातली चिमूटभर माती उचलून पदराच्या टोकाला बांधली आणि ती रथात चढली. राजा रडत होता आणि हसतही होता, आणि कोण बघते आहे याची त्याने मुळीच चौकशी केली नाही.

नदीपलीकडच्या राज्यातही उंबरे आहेत. तिथली युवराज्ञी रोज सकाळी सज्जात उभी राहते, नदीकडे तोंड करून उंबर फोडते आणि फुंकर घालते. त्यामुळे गोष्टीच्या सुरुवातीला आम्ही जे सांगितले, ते आता खरे राहिलेले नाही. फुंकरीण दोन राज्यांत आहे.